क्रॉसिंगवरचा बर्फ

लारिसाचा पिकअप बंद पडला तो नेमका रुळांवर, आणि त्याच वेळी समोरून मालगाडी आली. अशा प्रसंगी नायिकेनं किंचाळायचं असतं. लारिसानं घड्याळ पाहिलं. गाडी अजून दीड किलोमीटर लांब होती, आणि ब्रॅनक लाईनवरची गाडी ताशी पंधरा किलोमीटरच्या वर कधी जात नसे. म्हणजे मरायला अजून सहा मिनिटं होती. तेवढ्यात तिनं चार वेळा चावी फिरवली, बॉनेट उघडून आत पाहिलं, काही कळलं नाही म्हणून बंद केलं, सीटवरचं उद्या वाटायचं गावाचं टपाल उतरवून घेतलं आणि कडेला उभी राहून हात हलवायला लागली.

गाडी धापा टाकत आली आणि पिकअपपासून दहा फुटांवर थांबली. एंजिनातून एक उंच माणूस उतरला. नोव्हेंबरच्या गारठ्यानं त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि त्याखालचे डोळे मात्र कुणीतरी आत्ताच विनोद सांगितल्यासारखे...

"हा रस्ता आहे की पार्किंग?" त्यानं विचारलं.

"आणि ही रेल्वे आहे की गोगलगायीची वाट? मी केव्हाची हात हलवतेय."

"दिसलं ना. मला वाटलं, कुणी ओळखीचं आहे. मीही हलवला."

"मग थांबलात कशाला?"

"ओळख नाही हे लक्षात आलं," तो म्हणाला. "म्हटलं, करून घ्यावी."

एंजिनाच्या खिडकीतून एक म्हातारं डोकं बाहेर आलं. ते गार्डचं होतं. "हॅल्वर, पोरीला बाजूला करायचंय की पिकअपला, ते आधी ठरव. दोन्ही एकदम जमायचं नाही तुला."

हॅल्वरनं पिकअप ढकलला. लारिसानंही ढकलला. आता दोन माणसं एकाच वस्तूला खांदा लावून उभी राहिली, की त्यांचे चेहरे एकमेकांच्या फार जवळ येतात. यात दोघांचाही दोष नव्हता. पिकअप रुळांवरून उतरला. लारिसाचे गाल लाल झाले होते, ते थंडीनं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

ब्रॅनकची लाईन म्हणजे सस्कॅचवानच्या त्या सपाट मुलखातून जाणारे शहात्तर किलोमीटर रूळ. मोठ्या रेल्वे कंपनीनं ते टाकून दिले, तेव्हा छत्तीस शेतकरी घरांनी मिळून विकत घेतले. डबे आपणच भरायचे, मसूर आणि गहू आपणच चढवायचा, सभाही आपणच घ्यायची. मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी यायची, भरलेले डबे मोर्सबी जंक्शनला न्यायची. गावातली शाळा आधीच बंद झाली होती, दवाखाना त्याच्याही आधी. गाडी येत होती म्हणून ब्रॅनक नकाशावर होतं. गाडी गेली की नकाशा छापणाऱ्याचीही थोडी शाई वाचणार होती.

लाईनचा अध्यक्ष होता इव्हान होलुब, म्हणजे लारिसाचा बाप. ती त्याला तातो म्हणे. आई गेल्यावर शहरातली नोकरी सोडून ती तीस वर्षांची मुलगी त्याच्यासाठी परत आली होती. आठवड्यातून तीन दिवस टपाल वाटायचं, बाकीचे दिवस ट्रॅक्टर आणि स्वयंपाक. गावात लग्नाच्या वयाचे पुरुष दोन होते. त्यातला एक पाद्री होता, आणि दुसऱ्यानं पाद्री व्हायला हवं होतं.

हॅल्वर निगार्ड उत्तरेकडच्या मोठ्या लाईनवरून इथं आलेला. पहिल्या भेटीनंतरच्या मंगळवारी लारिसा घराजवळच्या क्रॉसिंगवर थर्मास घेऊन उभी राहिली. पिकअप ढकलल्याचे आभार मानायला. शुक्रवारी पुन्हा उभी राहिली. त्यानंतर आभार मानायला काही उरलं नव्हतं. तरी उभी राहिलीच.

मग त्याचा रिवाज पडला. एंजिन क्रॉसिंगजवळ आलं, की म्हातारा गार्ड डेल्मर पुढच्या पायरीवर उतरून उभा राहायचा, एका हातानं दांडा धरून, दुसरा हात थर्मासकडे लांबवून. एंजिन थांबायचं. तिघं कॉफी प्यायची. कधी पायरोहीचा, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचा, डबाही असायचा. डेल्मर आपला वाटा घेऊन मुद्दाम डबे तपासायला निघून जायचा. शेवटपर्यंत जाऊन परत यायला त्याला बारा मिनिटं लागायची. गरज तीन मिनिटांची होती.

"मला एक सांगा," हॅल्वर एकदा म्हणाला, "ही कॉफी रेल्वेसाठी आहे की माझ्यासाठी?"

"रेल्वेसाठी."

"मग रेल्वेला सांगतो, छान झालीय म्हणून."

"सांगा. आणि तिला म्हणावं, कप परत दे. मागच्या वेळी नेला तो..."

"तो रेल्वेनं ठेवून घेतला," तो कपाकडे बघत म्हणाला. "रोज सकाळी त्यातूनच पिते."

लारिसानं क्षितिजाकडे पाहिलं. त्या मुलखात क्षितिजाशिवाय बघण्यासारखं काही नाही, ही अशा वेळी फार सोयीची गोष्ट.

"तुम्ही किती दिवस आहात इथं?" तिनं विचारलं.

"गाडी आहे तोवर."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी आहे तोवर," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "...तुम्ही कॉफीत पुढच्या वेळी साखर घातली नाहीत, तरी चालेल."

फेब्रुवारीत दोन दिवस वादळ झालं. घरापासून क्रॉसिंगपर्यंतची वाट छातीइतक्या बर्फाखाली गेली. बुधवारी दुपारी वारा पडला, तशी लारिसानं ट्रॅक्टरला पातं लावलं आणि वाट मोकळी केली. शुक्रवारी गाडी यायची होती. वाट रुळांच्या अलीकडे संपते, पण एंजिन थांबतं पलीकडे, आणि हॅल्वरची खिडकीही पलीकडेच. म्हणून तिनं बर्फाचा ढीग ढकलत तसाच रुळांवरून पलीकडे नेला. मागं वळून पाहिलं तर वाट कशी छान सपाट दिसत होती. ट्रॅक्टरच्या चाकांनी बर्फ रुळालगतच्या, गाडीच्या चाकाची कड जाते त्या खाचेत ठासून भरला होता, तो दिसत नव्हता. गुरुवारी एकदम उबदार वारा सुटला आणि तो वितळला. शुक्रवारी सकाळी उणे अठ्ठावीस झालं, आणि खाचेत लोखंडासारखा दगड तयार झाला.

तसं पाहिलं तर गाडी यायच्या आधी कुणीतरी रूळ पाहून यायचा कायदा होता. रुळांवर चालणारा एक पिकअप त्यासाठी ठेवलेला होता, आणि ते काम अध्यक्षाचं होतं. तातोचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे तीन हिवाळे, तो दर गाडीच्या सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा पिता पिता 'रूळ पाहिले, ठीक' असं लिहून सही करायचा. लारिसा त्याच टेबलावर बटाटे सोलत असायची. त्या शुक्रवारीही त्यानं सही केली, आणि चहात मध कमी आहे म्हणाला.

गाडी आली. ऊन कोवळं होतं, बर्फ चमकत होता, लारिसा पलीकडच्या बाजूला नवा निळा रुमाल बांधून उभी होती. डेल्मर पायरीवर उभा, हात पुढं.

एंजिनाचं पुढचं चाक खाचेतल्या बर्फावर चढलं. जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखं, सावकाश. कशालाच घाई नव्हती. एंजिन थोडं उचललं गेलं, थोडा विचार केल्यासारखं थबकलं, आणि बाजूच्या गोठलेल्या बांधावर कललं. ज्या बाजूला पायरी होती, त्या बाजूला.

लारिसाच्या हातात थर्मास तसाच होता. डेल्मर ओरडला नाही. तो फक्त म्हणाला, "हॅल्वर, माझा पाय कुठाय ते बघ रे."

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डेल्मर अडुसष्ट वर्षांचा होता, आणि त्या पायानं लाईनवर चाळीस वर्षं चालला होता.

सरकारी तपासनीस चार दिवसांनी आला. तोवर पुन्हा उबदार वारा येऊन गेला होता, खाचेतला बर्फ पाणी होऊन निघून गेला होता. एंजिनातलं वेग नोंदवणारं यंत्र गेली सहा वर्षं एकच आकडा दाखवत होतं. तपासनिसानं हॅल्वरला विचारलं, तेव्हा हॅल्वर म्हणाला, "मी जोरात आलो. तीस असेल."

हे लारिसाला गावाच्या दुकानात कळलं. ती तशीच पिकअप घेऊन मोर्सबीच्या इस्पितळात गेली. हॅल्वर डेल्मरच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता.

"तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं, तर विचारलं असतं, बर्फ कुणी ढकलला."

"मग सांगायचं होतं."

"मग विचारलं असतं, कशासाठी ढकलला." तो आपल्या हातांकडे पाहत होता. "त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. म्हणजे... अंदाज होता. पण अंदाज सरकारी कागदावर लिहीत नाहीत."

लारिसा त्याच्या शेजारी बसली.

"तुमचं ड्रायव्हरचं कार्ड जाईल," ती म्हणाली.

"जाईल."

"मग कुठंच गाडी चालवता येणार नाही."

"पिकअप ढकलता येतात," तो म्हणाला. "त्याला कार्ड लागत नाही."

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. त्यानं तिचा हात धरला. अशा क्षणाची तिनं हिवाळाभर वाट पाहिली होती. फक्त भिंतीपलीकडे डेल्मर विव्हळत नसता, तर बरं झालं असतं.

घरी तातो टेबलाशी बसला होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "तू सभेत बोलणार?"

"हो."

"तू बोललीस की विचारतील, त्या सकाळी रूळ कुणी पाहिले. कागदावर माझी सही आहे." तो शांत होता. "खोटी सही सापडली की लाईन त्याच दिवशी बंद. छत्तीस घरं आहेत, लारो. तो एकटा आहे. बाहेरचा आहे. स्वतः होऊन घेतोय अंगावर."

"त्याचं आयुष्य आहे ते, तातो."

"मग हे काय आहे?" त्यानं खिडकीबाहेर हात केला. बाहेर बर्फ, एक कोठार, आणि रूळ होते. "तुझी आई इथं पुरलीय. गाव उठलं, तर तिच्याकडे यायला रस्ता तरी कोण मोकळा करील?"

लारिसानं बटाटे सोलायला घेतले, कारण रात्रीचं जेवण करायचं होतंच.

सभा शनिवारी दुपारी गावाच्या हॉलमध्ये भरली. खुर्च्या मांडल्या, मोठ्या भांड्यात कॉफी उकळली, कुणीतरी रेवचिनीच्या आंबट देठांचा केक आणला. ब्रॅनकमध्ये केकशिवाय माणूस पुरत नाहीत आणि ड्रायव्हर बडतर्फ करत नाहीत. इतिवृत्त लिहायला विल्मा फ्रीसेनबाई होत्या. एकतीस वर्षं त्यांनी एकही शब्द गाळला नव्हता. हॅल्वर मागच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

"ठराव चार," विल्माबाईंनी वाचलं. "अपघात ड्रायव्हरच्या अतिवेगामुळं झाला, हा अहवाल मान्य करावा."

"सूचक मी," एकजण म्हणाला. लगेच अनुमोदक मिळाला. लोक हॅल्वरकडे बघत नव्हते. ती चांगली माणसं होती. त्यांना लाज वाटत होती, आणि हात वर करायची घाईही झाली होती.

लारिसा उठली. "मला बोलायचंय."

"चर्चेला परवानगी आहे," तातो अध्यक्षाच्या खुर्चीतून म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. नाही म्हणायचा अधिकार त्याला होता, आणि तो त्यानं वापरला नाही.

"गाडी जोरात नव्हती. क्रॉसिंगवर बर्फ होता. तो मी ढकलला, बुधवारी. खाचेत गोठला. त्यावर चाक चढलं."

हॉलमध्ये कॉफीच्या भांड्याचा बुडबुडा ऐकू येत होता.

"सावकाश सांग," विल्माबाई म्हणाल्या. "बुधवारी किती वाजता?"

"तीन."

"कारण?"

"वाट मोकळी करायला."

"टपाल तर सोमवार, गुरुवार, शनिवारी असतं, आणि ते तू घराच्या मागच्या रस्त्यानं नेतेस. त्या वाटेनं तुला कुठं जायचं होतं?"

"क्रॉसिंगवर. शुक्रवारी. कॉफी घेऊन."

"कुणासाठी?"

"विल्मा," कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे."

"मला लिहायचंय," विल्माबाई म्हणाल्या. "नुसतं 'कॉफी' लिहिलं, तर पुढच्या वर्षी वाचणाऱ्याला काय कळणार?"

लारिसानं मागच्या रांगेकडे पाहिलं. इतके महिने ती क्षितिजाकडे बघत आली होती. हॉलला क्षितिज नव्हतं.

"त्याच्यासाठी," ती म्हणाली. "हॅल्वरसाठी. तो दिसावा म्हणून. तो मंगळवारी दिसला की मी शुक्रवारपर्यंत... आणि त्या आठवड्यात मंगळवारची गाडी वादळानं आलीच नव्हती. म्हणून मी घाई केली. रूळ पाहिले नाहीत. मी फक्त पलीकडे कसं पोचायचं तेवढं पाहिलं." तिचा आवाज फुटला. "डेल्मरचा पाय त्यात गेला. माझं त्याच्यावर प्रेम आहे. डेल्मरवर नाही... म्हणजे डेल्मरवरही आहे. पण..."

"कळलं," विल्माबाई लिहीत म्हणाल्या.

हॅल्वर उभा राहिला. "मी पंधरानं आलो होतो. खोटं सांगितलं."

"कारण?"

"तेच," तो म्हणाला.

"तेच म्हणजे?"

"ती जे म्हणाली ते. माझ्या बाजूनं." तो कानापर्यंत लाल झाला होता. "तिला कुणी काही विचारू नये म्हणून. आणि आता तुम्ही सगळंच विचारून घेतलंत."

कुणी हसलं नाही. कारण पुढचा प्रश्न सगळ्यांच्या डोक्यात एकदम आला होता, आणि तो विचारायला कुणी तयार नव्हतं. शेवटी तो तातोनंच सोडवला. उभा राहून म्हणाला, "त्या सकाळी रूळ पाहायला मी गेलो नाही. सही घरी केली. तीन हिवाळे घरीच करतोय. लिही, विल्मा."

विल्माबाईंनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा पेन खाली ठेवलं. मग उचललं आणि लिहिलं.

केक तसाच राहिला.

एप्रिलमध्ये लाईन बंद करायचा हुकूम आला. रूळ भंगारात जायचे होते, धान्य आता ट्रकनं नव्वद किलोमीटर लांब न्यायचं होतं. ज्यांना ते झेपणार नव्हतं, त्यांनी जमिनी विकायला काढल्या. पोस्टही हलणार असं पत्र आलं; ते लारिसालाच वाटावं लागलं. लोक तिच्याशी वाईट वागले नाहीत. दार उघडून टपाल घेत, "थंडी कमी झाली" म्हणत, आणि दार लावून घेत.

ती डेल्मरला भेटायला गेली. तो खाटेवर बसला होता.

"तुझी कॉफी फार पांचट असायची," तो म्हणाला. "हिवाळाभर बोललो नाही. आता बोलतो."

"बोला."

"तेवढंच होतं." त्यानं तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळानं भिंतीलाच म्हणाला, "तो पोरगा चांगला आहे. मी बारा मिनिटं चालायचो, ती उगीच नाही. आता जा, पोरी. मला तुझ्याकडे बघवत नाही अजून."

हॅल्वरचं कार्ड राहिलं. त्याला मॅनिटोबातल्या एका लाईनवर काम मिळालं, पण त्याआधी ब्रॅनकवर उभे असलेले एकेचाळीस रिकामे डबे मोर्सबीला पोचवायचे होते. जूनमधल्या एका शुक्रवारी तो ते घेऊन निघाला. क्रॉसिंगवर लारिसा उभी होती, हातात एक पिशवी. एंजिन थांबलं. ती चढली. तातो कोठाराच्या दारात उभा होता. त्यानं हात हलवला नाही. पण तो आतही गेला नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत तिथंच होता, आणि त्या मुलखात वळण यायला फार वेळ लागतो.

शहात्तर किलोमीटरला सहा तास लागले. मसुराची शेतं नुकती उगवून आली होती. मध्येच त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ठेवलेलाच राहू दिला. एवढ्या वेगाला एक हात पुरत होता.

मोर्सबीला कामगार तयारच उभे होते. शेवटचा डबा फाट्यावरून पुढं सरकला, तसा त्यांनी मागचा पहिला खिळा उपटला. लारिसा त्या आवाजानं दचकली. मग दुसरा खिळा निघाला, तिसरा... नंतर ती दचकेनाशी झाली.

हॅल्वरनं तिची पिशवी उतरवायला घेतली. "एवढी जड? मला वाटलं, नुसती सोडायला आलीस."

"मलाही घरून निघताना तसंच वाटत होतं."

"परत कशी जाणार?"

"कशी जाऊ? शेवटची गाडी तूच घेऊन आलास."

त्यानं पिशवीचा एक बंद धरला. मागं खिळे निघत होते.

"तिकडची गाडी ताशी चाळीसनं जाते," तो म्हणाला. "चालत्या गाडीतून उतरता येत नाही."

"उतरायचंय कुणाला?" लारिसा म्हणाली, आणि पिशवीचा दुसरा बंद तिनं आपल्या हातात घेतला.